मोहाची वेळ, मोहाची वाट

वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांचा विषय एकच आहे: मोह येतो तेव्हा नेमके करायचे काय? पत्रे थोडक्यात देत आहोत. नावे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न: मी 27 वर्षांचा आहे. राहतो नालासोपाऱ्याला, नोकरी अंधेरीत. रात्री अंथरुणात फोनवर अश्लील व्हिडिओ पाहण्याची सवय तीन वर्षांपासून लागली आहे. रविवारी उपासनेत रडून क्षमा मागतो, शपथ घेतो. बुधवार-गुरुवारपर्यंत पुन्हा तेच. माझे तारण झालेलेच नाही का?

तुमच्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करू. ज्याला पापाचे काहीच वाटत नाही, तो उपासनेत रडत नाही. तुमचे तारण तुमच्या शपथेवर उभे नाही, ख्रिस्ताने वधस्तंभावर जे केले त्यावर उभे आहे. म्हणून 'मी तारलेला नाही' या भीतीने लढू नका. भीतीने लढणारा लवकर थकतो, आणि थकला की पुन्हा फोनच हातात घेतो.

आता शपथेकडे पाहू. 'पुन्हा कधीच नाही' ही शपथ रात्री बाराच्या क्षणासाठी घेतलेली असते, पण घसरण तर नऊपासूनच सुरू झालेली असते. याकोबाने आपल्या पत्राच्या पहिल्या अध्यायातल्या 14व्या व 15व्या वचनांत हा उतार पायरी-पायरीने दाखवला आहे: माणूस आपल्याच वासनेने ओढला जातो, भुलवला जातो, मग वासना गर्भवती होते, पापाला जन्म देते आणि पाप वाढून मरणाला. 'भुलवला जातो' या जागी मूळ ग्रीकमध्ये आमिष लावून पकडण्याचा शब्द आहे. कोळीवाड्यातल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. मासा गळाला भुलत नाही, आमिषाला भुलतो. गळ त्याला दिसतच नाही. तेव्हा तुमचे आमिष कोणते आणि ते किती वाजता पाण्यात पडते, हे आधी शोधायचे.

त्यासाठी एक छोटी वही घ्या आणि चौदा दिवस लिहा. मोह आला ती वेळ, तेव्हा तुम्ही कुठे होता, त्याआधीच्या दोन तासांत काय घडले, आणि भूक, राग, एकटेपणा, थकवा यांपैकी काय होते. पडलात तरी लिहा, सावरलात तरी लिहा. कोणाला दाखवायचे नाही, त्यामुळे सजवायचेही नाही. चौदा दिवसांनी तीच ती वाट पुन्हा पुन्हा दिसेल. उशिरा सुटलेली विरार गाडी, सगळा प्रवास उभ्याने, साहेबांचे बोलणे डोक्यात घोळत असलेले, दहा वाजता घाईघाईत जेवण, घरचे झोपलेले आणि हातात फोन, असे काहीसे चित्र असेल. आठवड्याच्या मधल्या वारीच का, याचे उत्तरही बहुधा तिथेच मिळेल: रविवारचे बळ संपलेले असते आणि शनिवार अजून लांब असतो.

वाट सापडली की ती वरच्या टोकाला अडवा. फोनचे चार्जर अंथरुणापासून दूर हलवा. एका खोलीच्या घरात वेगळी जागा नसते हे आम्ही जाणतो. तरी स्वयंपाकाच्या ओट्यावर, फ्रिजवर किंवा आई-वडील झोपतात त्या बाजूला तो ठेवता येतो. साडेदहा वाजता फोन तिथे गेला पाहिजे. 'मला गजर लागतो' ही सबब पहिल्याच रात्री पुढे येईल, म्हणून साधे गजराचे घड्याळ आधी विकत आणा. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण या एका बदलाने जेवढे साधते तेवढे दहा शपथांनी साधत नाही असे आमचे मत आहे.

दुसरी गोष्ट फिल्टरची. आयफोनमध्ये 'स्क्रीन टाइम'मधून प्रौढांसाठीची संकेतस्थळे बंद करता येतात. अँड्रॉइडमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' या सेटिंगमध्ये गाळणी लावणाऱ्या सेवेचे नाव भरता येते. 'स्क्रीन टाइम'चा पासकोड दुसऱ्याकडून टाकून घ्या. तुम्हाला तो माहीत असेल तर उपयोग नाही. अँड्रॉइडचे हे सेटिंग मात्र कोणीही बदलू शकतो, तेव्हा या लढाईतला तुमचा जोडीदार, म्हणजे ज्याला तुम्ही हे सारे सांगाल तो माणूस (त्याच्याविषयी पुढे येते आहे), आठवड्याला ते तपासू दे. आणि हेही ओळखून असा की फिल्टर गळतो. रील्स, टेलिग्रामचे गट, व्हीपीएन यांतून वाट निघते. फिल्टरचे काम पाप थांबवण्याचे नाही, तुम्हाला चार-पाच मिनिटे अडवण्याचे आहे. त्या चार मिनिटांत तुम्ही उठलात तर फिल्टरने आपले काम केले.

उठायचे म्हणजे खरोखरच उठायचे. ओढीची लाट चढते तशी ओसरतेही, बहुधा अर्ध्या तासाच्या आत. अंथरुणात पडून 'नाही, नाही' म्हणत राहिलात तर मन त्याच चित्राभोवती फिरत राहते. योसेफाला त्याच्या धन्याच्या, पोटीफराच्या बायकोने धरले, तेव्हा त्याने वाद घातला नाही. अंगावरचे वस्त्र तिच्या हातात राहिले आणि तो बाहेर पळाला (उत्पत्ती 39). पौल तीमथ्याला तरुणपणाच्या वासनांशी झुंज असे सांगत नाही, त्यांच्यापासून पळ असे सांगतो. दिवा लावा, तोंड धुवा, गॅलरीत किंवा जिन्यात जाऊन उभे राहा, वचन मोठ्याने म्हणा.

वचन कोणते? प्रभू येशूने अरण्यात सैतानाला दिलेली तिन्ही उत्तरे अनुवादाच्या पुस्तकातली आहेत, आठव्या आणि सहाव्या अध्यायांतली, आणि तिन्ही एका श्वासात म्हणता येतील एवढी लहान आहेत. शिवाय प्रत्येक उत्तर त्या-त्या मोहाला लागू पडणारे आहे. भाकरीच्या मोहाला भाकरीविषयीचेच वचन आहे. म्हणून वीस वचने अर्धवट पाठ करण्यापेक्षा तुमच्या मोहाला नेमके भिडणारी दोन पक्की करा. ईयोब 31:1 (डोळ्यांशी केलेला करार) आणि 1 करिंथ 10:13 ही तुमच्यासाठी चांगली आहेत. दुसऱ्या वचनात देव मोहाबरोबर त्यातून निघण्याचा उपायही करील असे म्हटले आहे. तो उपाय बरेचदा दाराइतका साधा असतो, फक्त त्यातून चालत बाहेर पडावे लागते.

आता सर्वांत जड भाग. हे एका माणसाला सांगा. जेझुइट संघाचा संस्थापक संत, लोयोलाचा इग्नाशियस, मोहाची तुलना चोरट्या प्रियकराशी करतो: त्याला एकच भीती असते, ती मुलगी हे आपल्या बापाला सांगेल याची. सांगितले की त्याचा डाव संपतो. माणूस पुरुषच असावा, वयाने मोठा, तोंडाने घट्ट, आणि शक्यतो याच सवयीत अडकलेला नसावा. दोन बुडणारे एकमेकांना धरतात तेव्हा दोघेही खाली जातात. आठवड्याचा वार आणि वेळ ठरवून घ्या. त्याने 'कसे चालले आहे?' असे विचारू नये, कारण त्याला 'ठीक' हे उत्तर तयारच असते. 'मागच्या भेटीनंतर किती वेळा पाहिलेस, शेवटचे कधी?' असे विचारावे. कॅथलिक वाचकांना कबुलीचा संस्कार आहेच. एकाच फादरकडे नियमाने गेलात तर त्यांना तुमची वाट ओळखीची होते.

पडलात तर? पडण्याइतकेच धोक्याचे असते त्यानंतरचे 'आता आठवडा गेलाच आहे तर' हे वाक्य. एका घसरणीची चार होतात ती याच वाक्यामुळे. त्याच रात्री उठा, 1 योहान 1:9 वाचा, क्षमा मागा, फोन ओट्यावर ठेवा आणि सकाळी नऊच्या आत त्या जोडीदाराला दोन शब्दांचा मेसेज करा. नवी शपथ घेऊ नका. इग्नाशियसची मोजणी त्यापेक्षा उपयोगी आहे: सकाळी उठताच त्या एका पापाविषयी सावध राहण्याचा निश्चय करायचा, दुपारच्या जेवणानंतर तास-तास आठवून जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके एका ओळीत द्यायचे, रात्रीच्या जेवणानंतर दुसऱ्या ओळीत. मग ओळीशी ओळ, दिवसाशी दिवस, आठवड्याशी आठवडा ताडून पाहायचा. सोळाव्या शतकातली ही रीत आजच्या कोणत्याही ॲपइतकी चोख आहे. ठिपके हळूहळू कमी होतात, एकदम नाही.

शेवटी, रिकामी जागा भरा. मत्तय 12 मध्ये झाडून-सजवून रिकाम्या ठेवलेल्या घरात एका दुष्टात्म्याच्या जागी आठ येतात. रात्री दहा ते अकरा या तासात काय करायचे ते ठरलेले नसेल, तर तो तास पुन्हा फोनकडेच जाईल. शिफ्ट बदलून मिळण्यासारखी असेल तर मागा. भूक लागूनच घरी पोहोचत असाल तर अंधेरीतच काहीतरी खाऊन गाडीत चढा. हे सांगताना आम्हाला संकोच वाटत नाही. झुडपाखाली मरण मागत पडलेल्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने आधी खायला दिले आणि झोपू दिले, उपदेश नंतर झाला.

प्रश्न: 'आम्हांला परीक्षेत आणू नकोस' असे आपण प्रभूच्या प्रार्थनेत म्हणतो. म्हणजे देवच मोहात घालतो का?

नाही. याकोब 1:13 हे स्पष्टच सांगते. अडचण शब्दाची आहे. ग्रीक 'पेइरास्मोस'चे परीक्षा आणि मोह असे दोन्ही अर्थ होतात. मराठीत आपल्याला एक निवडावा लागतो. हाच पेच इतर भाषांतही आहे. इटलीतल्या कॅथलिक मंडळीने 'आम्हाला मोहाच्या हाती सोडू नकोस' अशा अर्थाची शब्दरचना स्वीकारली आणि ती 2020 च्या नोव्हेंबर अखेरीपासून उपासनेत आली. प्रार्थनेचा रोख असा: प्रभू, माझी शक्ती मला ठाऊक आहे, जिथे मी टिकणार नाही तिथे मला जाऊ देऊ नकोस. ही प्रार्थना सकाळी करून संध्याकाळी आपणच त्या गल्लीत शिरायचे, हे मात्र बसत नाही.

प्रश्न: मनात नुसता वाईट विचार आला तरी पाप लागते का? मत्तय 5:28 वाचून मला लोकलमध्ये डोळे उघडण्याचीही भीती वाटते.

विचार दारावर येणे वेगळे आणि त्याला बसायला पाट देणे वेगळे. इब्री 4:15 म्हणते की प्रभूची सर्व प्रकारे आपल्यासारखीच पारख झाली, तरी तो निष्पाप राहिला. मोह होणे हेच पाप असते तर हे वचन लिहिता आले नसते. मत्तय 5:28 मध्येही नजर पडण्याविषयी नाही, वासना धरण्याच्या हेतूने पाहत राहण्याविषयी म्हटले आहे. पहिली नजर तुमच्या हातात नाही, दुसरी आहे. विचार आला की स्वतःला दूषणे देत बसू नका, त्यानेही मन तिथेच रेंगाळते. डोळे हलवा, मनात एक ओळ म्हणा, पुढच्या स्टेशनाकडे बघा. आणि हे भय दिवसभर पाठ सोडत नसेल, पुन्हा पुन्हा क्षमा मागूनही समाधान होत नसेल, तर तो मनाचा आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहेत; पाळकांबरोबर मनोविकारतज्ज्ञांनाही भेटा.

प्रश्न: माझे यजमान रोज पितात. 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत पवित्र शास्त्रावर हात ठेवून सोडतो म्हणाले, आठवडा टिकले नाही. आता गुड फ्रायडेपासून उपास-प्रार्थना करून एकदम बंद करायचे म्हणतात. डॉक्टरकडे जाणे म्हणजे अविश्वास, असे त्यांचे म्हणणे. मी काय करू? (भायखळा)

ताई, एकदम बंद करण्याआधी डॉक्टर, हे आग्रहाने सांगतो. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याचे शरीर दारूवर बेतलेले असते. ती अचानक थांबली की सहा-बारा तासांत हात कापणे, घाम, उलट्या, झोप उडणे सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो, नसलेली माणसे-किडे दिसतात, ताप चढतो, नाडी धावते; यात जीवही जातो. त्यात उपास म्हणजे पोटात पाणीही धड नाही. डॉक्टर या दिवसांसाठी झटके टाळणारी औषधे आणि ब-1 जीवनसत्त्व देतात, गरज वाटली तर दाखल करून घेतात. परळचे केईएम, मुंबई सेंट्रलचे नायर, सायन या महापालिकेच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. 14416 या टेलि-मानस नावाच्या सरकारी मानसिक आरोग्य मदत क्रमांकावर मराठीतही बोलता येते. फिट, भ्रम किंवा तापाचे लक्षण दिसले तर वाट न पाहता थेट तातडीच्या विभागात न्या.

हा अविश्वास नाही. लूक स्वतः वैद्य होता, पौल त्याला 'प्रिय वैद्य' म्हणतो. तुमच्या यजमानांसाठी मोहाला नाही म्हणणे म्हणजे गुड फ्रायडेला एकट्याने उपास करणे नाही, ओपीडीच्या रांगेत उभे राहणे आहे. त्यात अधिक नम्रता लागते.

शरीर सावरल्यावर खरी लढाई सुरू होते. स्टेशन ते घर या वाटेवर बार किती आहेत ते दोघांनी मिळून मोजा आणि पुलाची दुसरी बाजू धरा, चार मिनिटे जास्त लागली तरी. पगाराच्या दिवशी कोणीतरी सोबत असावे. हळद, लग्न, बारसे या प्रसंगी पहिले सहा महिने लवकर जाऊन जेवण होताच निघायचे. 'फक्त एक घे' म्हणणारा सख्खा भाऊ असतो, म्हणून काय उत्तर द्यायचे ते घरीच ठरवा. 'डॉक्टरांनी बंद केली आहे' हे खरेही असते आणि त्यावर वादही होत नाही. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या गटाच्या सभा मुंबईत अनेक ठिकाणी भरतात, फी नसते, नाव विचारत नाहीत. पहिल्या तीन महिन्यांत आठवड्याला एकापेक्षा जास्त सभांना गेले तर बरे.

प्रभुभोजनाचाही विचार करा. तुमच्या मंडळीत द्राक्षरस देतात की वाइन, हे पाळकसाहेबांना विचारा आणि आधी सांगून ठेवा. यात लाजण्यासारखे काही नाही. कॅथलिक असाल तर फक्त भाकरीच्या रूपात घेतलेले पवित्र भोजनही पूर्णच असते.

आणि तुमच्याविषयी. बाटल्या लपवणे, ऑफिसात 'ताप आहे' असे फोन करणे, उधारी फेडणे थांबवा. हे प्रेमाने केले जाते, पण त्यामुळे दारूची किंमत त्यांना कधी कळतच नाही. मारहाण होत असेल तर प्रार्थनेआधी सुरक्षित जागा. मुलांना घेऊन बाहेर पडणे हा विवाहवचनाचा भंग नव्हे.

प्रश्न: मी सरकारी कार्यालयात आहे. दिवाळीला कंत्राटदार पाकिटे देतात, सगळे घेतात. मी पूर्वी घेतली आहेत. आता नको वाटते, पण एकटा पडेन.

एकटे पडाल, हे खरे आहे. आम्ही खोटा दिलासा देणार नाही. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आले तेव्हा त्याने त्यांना नोकरी सोडायला सांगितले नाही, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका म्हटले. शिपायांना सांगितले, आपल्या पगारात तृप्त असा (लूक 3). म्हणजे त्याच खुर्चीत बसून हे करायचे आहे.

पाकीट टेबलावर आल्यावर ठरवू म्हणाल तर हरलात. दिवाळीच्या तीन आठवडे आधी बरोबरच्या दोघांना सहज सांगून ठेवा, 'या वर्षीपासून मी घेत नाही.' कारण देऊ नका, उपदेश तर मुळीच नको. तुम्ही त्यांचा न्याय करता असे वाटले की ते तुम्हाला पाडायला बघतील. पाकीट चारचौघांत परत करा, बंद दाराआड नाही. मिठाईचा डबा आला तर तिथेच उघडून सगळ्यांत वाटा. डब्याखाली काही असेल तर तेही सगळ्यांसमोर निघते. कायदाही जाणून घ्या: भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. दबाव आणला गेला तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक 1064 आहे.

या मोहाचे आमिष पुष्कळदा हव्यास नसतो, हप्ता असतो. घराचा ईएमआय, क्लासची फी, गावाकडची दुरुस्ती. पत्नीला बरोबर घेऊन कागदावर महिन्याचा हिशेब मांडा. पाकिटावर अवलंबून असलेला खर्च कोणता ते शोधून तो आधी कापा. तो तसाच राहिला तर पुढच्या दिवाळीला हात आपोआप पुढे होईल. पूर्वी घेतलेल्याचे काय, तर जक्कय या जकातदाराने चौपट परत करतो म्हटले. तुमच्या बाबतीत कुणाला, किती आणि कसे परत करायचे याला कायद्याचीही बाजू आहे, म्हणून पाळकांबरोबर विश्वासू वकिलाशी बोलूनच पाऊल टाका. पण तो पैसा स्वतःकडे ठेवून मन शांत होईल असे आम्हाला वाटत नाही.

प्रश्न: महिला संघातल्या एका मैत्रिणीने मला विश्वासात घेऊन सांगितले की ऑफिसातल्या एका विवाहित माणसात ती गुंतत चालली आहे. अजून काही घडलेले नाही. मी तिला कशी मदत करू?

पहिली मदत तुम्ही केलीच आहे: ऐकून घेतले. गलती 6:1 दोन गोष्टी एकत्र सांगते, सौम्य वृत्तीने सावरा आणि स्वतःकडेही लक्ष ठेवा. 'तुला लाज कशी वाटत नाही' हे वाक्य गिळा. ते ऐकले की ती पुढच्या वेळी सांगणार नाही, आणि मग तिच्याशी बोलणारा तो एकटाच उरेल.

ठोस प्रश्न विचारा. एकत्र डबा खातात का? चर्चगेटपासून एकाच डब्यातून येतात का? रात्री दहानंतर मेसेज चालतात का? घरची गाऱ्हाणी ती त्याला सांगते का? यातला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण बहुतेक अशा नात्यांची सुरुवात स्पर्शाने होत नाही, 'तूच मला समजून घेतोस' या वाक्याने होते. त्यातले एक-एक बंद करायला तिला सोबत द्या: डबा इतर बायकांबरोबर, प्रवास महिलांच्या डब्यातून, कामाचे बोलणे कामाच्या वेळात. त्याला लांबलचक निरोपाचा मेसेज पाठवू देऊ नका. त्यातून नव्याने बोलणे सुरू होते. घरात नवऱ्याशी बोलणे कधीपासून आटले आहे तेही हळूच विचारा.

आणि एक काळजी घ्या. बुधवारच्या प्रार्थनासभेत 'आपल्या एका बहिणीसाठी प्रार्थना करू या, ती मोहात आहे' असे चुकूनही म्हणू नका. नाव घेतले नाही तरी तिसऱ्या दिवशी सगळ्या मंडळीला नाव कळलेले असते, आणि ती पुन्हा कोणालाच काही सांगत नाही. तिच्यासाठी घरी, दार लावून प्रार्थना करा, आणि शुक्रवारी संध्याकाळी ती गाडीतून उतरते तेव्हा फलाटावर तिला भेटा.